बादलीतला सामू रात्रीत का चढतो?

समजा तुमच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचं शीर्षक ठरलंय: ‘सामूचा मेथीच्या वाढीवर व हरितद्रव्यावर होणारा परिणाम’. बजेट जवळपास शून्य. जागा म्हणजे घरची गॅलरी, नाहीतर विभागामागचा व्हरांडा. हाताशी रंगाच्या रिकाम्या बादल्या, थर्माकोल, फिशटँकचा हवेचा पंप आणि सामू मोजायचं काहीशे रुपयांचं पेन. संध्याकाळी बोअरच्या पाण्यात द्रावण बनवलं, थेंब थेंब आम्ल टाकत सामू ५.८ वर आणला. सकाळी बघता तर ७.४. परत आम्ल, परत ५.८. दुसऱ्या दिवशी ७.२. आठवड्याभरात आम्लाची बाटली निम्मी होते आणि वहीत ओळ असते, ‘सामू ५.८ इतका राखला.’

ही ओळ व्हायव्हाला टिकत नाही. बाहेरून आलेले परीक्षक दोनच प्रश्न विचारतील: कशाने राखला, आणि तो चढत का होता? पहिल्याचं उत्तर बाटलीवर लिहिलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक जण ‘झाडांनी चढवला’ असं देतात. रोपं अजून दोन पानांची असताना एवढा सामू झाडांनी चढवणं कठीण आहे. तो पाण्यानेच चढवलेला असतो.

आधी थोडी उजळणी. सामू म्हणजे पीएच. ही मोजपट्टी सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ती लॉगरिदमची असल्यामुळे ५ आणि ६ मध्ये हायड्रोजन आयनांचा दहापट फरक असतो, हे बारावीपासून पाठ आहे. पण त्याचा एक परिणाम एक्सेलमध्ये विसरला जातो. सामू ५ आणि ७ यांची सरासरी सरळ ६ लिहिली जाते. आयनांच्या प्रमाणाची सरासरी काढून परत सामू काढलात तर उत्तर ५.३ च्या आसपास येतं. कुठली सरासरी घेतली ते लिहा, किंवा सरळ मध्यक द्या.

आता पाण्याकडे येऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे.

सामू आणि अल्कलिनिटी

पाण्याचा सामू किती हा एक प्रश्न. तो सामू खाली आणायला किती आम्ल लागेल हा दुसरा, आणि पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर कळत नाही. तांब्या आणि रांजण दोन्ही काठोकाठ भरलेले असले तरी उपसायचं पाणी सारखं नसतं, तसंच. डिस्टिल्ड वॉटर हवेत ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू ५.६ च्या आसपास येतो. पण त्यात धरून ठेवायला काहीच नाही. एक थेंब आम्लाने तो कुठल्या कुठे जातो. याउलट दख्खनच्या बेसाल्टमधून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. ते आम्ल गिळत राहतं. आम्ल गिळायच्या या क्षमतेला अल्कलिनिटी म्हणतात. (‘क्षारता’ हा शब्द मी मुद्दाम टाळतोय, कारण आपल्याकडे शेतीत तो खारटपणासाठीही वापरतात आणि सगळा गोंधळ होतो.)

अल्कलिनिटी मोजायला पैसे लागत नाहीत. १०० मिलि पाणी, दोन थेंब मिथिल ऑरेंज, ब्युरेटमध्ये ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत टायट्रेट करायचं. जितके मिलि आम्ल लागलं त्याला १० ने गुणा: मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. प्रथम वर्षाचं प्रॅक्टिकल आहे हे. समजा ३० मिलि लागलं. म्हणजे ३०० मिलिग्रॅम. ५० ने भागलं की ६ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. हा ६ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता संध्याकाळ ते सकाळ काय झालं ते बघू. तुम्ही आम्ल टाकलंत, त्याने बायकार्बोनेटचं कार्बॉनिक आम्ल केलं, म्हणजेच पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. सामू ५.८ ला आणताना साधारण तीन-चतुर्थांशाहून थोडं अधिक बायकार्बोनेट संपतं. बाकीचं तसंच राहतं. पेनवर ५.८ दिसतं कारण पाणी त्या क्षणी सोड्याच्या बाटलीसारखं वायूने भरलेलं आहे. मग तुम्ही पंप चालू करता. रात्रभर बुडबुडे येतात, वायू उडून जातो, उरलेलं बायकार्बोनेट मात्र जागेवर. सामू चढतो. पूर्ण वायू जाऊ दिला तर तो ८ च्याही वर जाईल. बोअरचं पाणी नुसतं भरून ठेवलं तरी काही तासांत त्याचा सामू वाढतो तो याच कारणाने.

म्हणून ५.८ वर टिकायचं असेल तर जवळजवळ सगळे ६ मिलिइक्विव्हॅलंट मारावे लागतात. आणि करायची पद्धत अशी: झाडं लावायच्या आधीच पाण्यात आम्ल टाका, रात्रभर हवा सोडा, सकाळी मोजा, उरलेली कसर भरा, परत हवा सोडा. दोन दिवसांत पाणी शांत होतं. खतं त्यानंतर.

सामू बदलताना दुसरं काय बदललं?

संशोधनाच्या दृष्टीने माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि नेमका हाच घाईत सुटतो. आम्ल म्हणजे नुसता हायड्रोजन आयन नव्हे, त्याच्यासोबत एक जोडीदार येतो.

वनस्पतिशास्त्रात सर्रास वापरलं जाणारं होगलँडचं द्रावण घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या होगलँड आणि आर्नन यांनी ते १९३८ मध्ये एका पत्रकात छापलं. त्याच विद्यापीठातल्या गेरिके यांच्यामुळे मातीविना शेतीचं वेड पसरलं होतं, लोक घरोघरी टाक्या मांडत होते, आणि हे पत्रक त्या हौशी लोकांना चार खरे आकडे द्यायला निघालं होतं. म्हणजे घरच्या बादलीशी या द्रावणाचं नातं जुनंच आहे. त्यातल्या पहिल्या द्रावणात स्फुरद असतं १ मिलिमोल प्रति लिटर, नायट्रेट १५, सल्फेट २.

आता फॉस्फोरिक आम्लाने आपले ते ६ मिलिइक्विव्हॅलंट मारा. या सामूला फॉस्फोरिक आम्लाचा एक रेणू एकच हायड्रोजन आयन सोडतो, तेव्हा ६ मिलिमोल स्फुरद पाण्यात गेलं. द्रावणाचं १ आणि हे ६, एकूण ७. सातपट! तुम्ही ‘सामू ५.८’ आणि ‘सामू ७.५’ अशा दोन बादल्यांची तुलना करताय असं वाटतं, पण तुलना स्फुरदाच्या दोन पातळ्यांचीही चालू आहे. मेथी एका बादलीत चांगली वाढली तर श्रेय कुणाला? सांगता येणार नाही.

नायट्रिक आम्लाने तेच काम केलं तर नायट्रेट १५ चं २१ होतं, म्हणजे वाढ ४० टक्के. सल्फ्युरिकचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून ३ मिलिमोलमध्ये भागतं. सल्फेट २ चं ५ होतं. सल्फेटचा थोडा जादा साठा बहुतेक पिकं निमूट सहन करतात, त्यामुळे कमी बजेटमध्ये मी सल्फ्युरिककडेच झुकतो. मात्र विभागाच्या प्रयोगशाळेत ते १ नॉर्मलपर्यंत विरळ करूनच बाहेर न्या. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. बॅटरीत घालायचं ॲसिड स्वस्त मिळतं म्हणून घरी आणून ठेवू नका. धाकटं भावंड, मांजर, फुटकी बाटली, काहीही होऊ शकतं.

लिंबूसत्व आणि व्हिनेगर हे घरगुती उपाय ऐकायला छान वाटतात. दोन्ही सेंद्रिय आम्लं आहेत आणि बादलीतले सूक्ष्मजीव ती खाऊन टाकतात. खाताना मुळांच्या वाटचा ऑक्सिजन वापरतात, आणि खाऊन झाल्यावर सामू परत जागेवर. एका संध्याकाळच्या प्रात्यक्षिकाला ठीक, तीन आठवड्यांच्या प्रयोगाला नाही.

इथे एक बाजूची गोष्ट. घरगुती हायड्रोपोनिक्सवर इंग्रजीत जे लिहिलं जातं त्याचा मोठा हिस्सा अमेरिका-कॅनडातल्या गांजा पिकवणाऱ्यांचा असतो. कॅनडात ते २०१८ पासून कायदेशीर आहे; आपल्याकडे विनापरवाना लागवड १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा त्या पिकाचा विचार सोडा. पण त्यांचे आकडे तुमच्यापर्यंत पोचतातच. ते ‘पीएच डाउन’ नावाची बाटली वापरायला सांगतात, जी बहुधा फॉस्फोरिक आम्लाची असते, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं पाणी आरओचं असतं. अल्कलिनिटी जवळपास नसलेल्या पाण्यात चार थेंबांनी काम होतं, स्फुरदाला धक्का लागत नाही. तोच सल्ला तुमच्या बोअरच्या पाण्याला लावला की वरचं सातपटीचं गणित सुरू होतं.

त्यापेक्षा पाणीच बदला. जून ते सप्टेंबर आपल्याकडे अल्कलिनिटी नसलेलं पाणी आभाळातून फुकट पडतं. पहिल्या सरी सोडून द्या, आणि पत्र्यावरून गळणारं घेऊ नका, कारण जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यातून जस्त येतं. एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही क्षारविरहित असतं, पण कॉइलचं तांबं त्यात उतरू शकतं आणि मुळांना थोडंही तांबं सोसत नाही. बोअरचं एक भाग आणि पावसाचं चार भाग केलं की आपली ३०० ची अल्कलिनिटी ६० वर येते, ६ मिलिइक्विव्हॅलंटचं १.२ होतं, आणि आम्लाचा जोडीदारही त्याच प्रमाणात कमी होतो. पैसे खर्च करण्याआधी मी तरी हेच करेन.

झाड आपल्या परीने काय करतं

पाणी शांत झालं की मग झाडाची करामत दिसते. मूळ जेव्हा नायट्रेट आत घेतं तेव्हा सोबत हायड्रोजन आयनही ओढतं, त्यामुळे बाहेरचा सामू वाढतो. अमोनियम आत घेतलं की उलट, हायड्रोजन आयन बाहेर सोडले जातात आणि सामू घसरतो. होगलँडच्या दुसऱ्या द्रावणात पोटॅशियम फॉस्फेटच्या जागी अमोनियम फॉस्फेट आहे: १४ भाग नायट्रेटला १ भाग अमोनियम. एवढंसं अमोनियमही चढ बराच रोखतं.

कृषी सेवा केंद्रात हे सगळं मिळतं. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५, मोनोपोटॅशियम फॉस्फेट म्हणजे ०:५२:३४, मोनोअमोनियम फॉस्फेट म्हणजे १२:६१:०. दुकानदाराला आकडेच सांगा, रासायनिक नाव सांगितलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील. प्रयोगशाळेच्या शुद्ध रसायनांपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. दोन खाचखळगे मात्र आहेत. एक, खताच्या दर्जाचं कॅल्शियम नायट्रेट हे प्रत्यक्षात अमोनियम नायट्रेटसोबतचं जोडमीठ असतं, त्यातल्या नत्राचा छोटा भाग अमोनियमचा असतो. ‘फक्त नायट्रेट’ असा गट करायचा असेल तर हे चालणार नाही. दोन, १९:१९:१९ सोपं म्हणून उचलू नका. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं, आणि बादलीत त्याचं काय आणि कधी होईल ते तिथल्या सूक्ष्मजीवांवर अवलंबून. कॅल्शियम नायट्रेटचं दाट द्रावण फॉस्फेट-सल्फेटच्या दाट द्रावणात मिसळायचं नाही, खाली पांढरा साका बसतो. दोन वेगळ्या बाटल्या ठेवा, विरळ करतानाच एकत्र आणा.

शेवाळ हा तिसरा खेळाडू. बादलीत उजेड गेला की ते दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून सामू चढवतं, रात्री सोडून उतरवतं. बाहेरून काळा रंग, त्यावर पांढरा, म्हणजे पाणी तापणारही नाही.

पिवळं पान

सामू चढलेल्या बादलीत कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. ऊस पिकवणाऱ्या घरातले असाल तर ओळखाल: केवडा. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ऊस असा पिवळा पडतो. त्या मातीत लोह भरपूर आहे, बेसाल्टचीच माती ती. पण चढ्या सामूला ते विरघळत नाही आणि मुळाला मिळत नाही.

बादलीत आपण लोह चिलेट करून देतो, आणि इथेच प्रयोग फसतो किंवा सुटतो. दुकानात सहज मिळणारं ईडीटीएचं लोह सामू ६.५ च्या पुढे सुटायला लागतं. डीटीपीएचं साधारण ७.५ पर्यंत टिकतं. ईडीडीएचएचं ९ पर्यंतही. आता शीर्षक परत वाचा: ‘सामूचा हरितद्रव्यावर होणारा परिणाम’. ईडीटीए वापरून ७.५ च्या बादलीतलं हरितद्रव्य कमी आलं, तर तुम्ही मेथी मोजली की चिलेट? ७.५ च्याच दुसऱ्या बादलीत ईडीडीएचएचं लोह देऊन बघा. पानं हिरवी झाली तर तो लोहाचा परिणाम होता. पिवळीच राहिली तर शोधायला काहीतरी खरं सापडलं. माझ्या मते या एका जादा गटाने साध्या प्रकल्पाचा प्रबंधाजोगा प्रश्न होतो, आणि खर्च एका पुडीचा.

मोजणं आणि मांडणी

स्वस्त पेन वाईट नसतं, त्याला सांभाळणं वाईट असतं. सोबत येणाऱ्या पुड्यांपासून ४.०१ आणि ६.८६ ची बफर द्रावणं करा. ५.८ या दोघांच्या मधे येतो; ७.५ च्या बादलीसाठी मात्र ९.१८ ची पुडीही लागते. मोजायच्या दिवशी दोन्ही बिंदूंवर कॅलिब्रेट करा आणि मोजून झाल्यावर ६.८६ परत तपासा. तो ०.१ हून जास्त सरकला असेल तर त्या दिवसाचे आकडे वहीत ठेवा, पण खूण करून. इलेक्ट्रोड धुवायला पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी चालतं. साठवायला मात्र तेच वापरू नका, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड हवं. पेनच नसेल तर ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक ५.२ ते ६.८ मध्ये पिवळ्याचा जांभळा होतो, म्हणजे बरोबर आपल्या पट्ट्यात. हळदीचा मोह टाळा. ती ७ च्या वर गेल्यावरच लाल व्हायला लागते, तोवर पानं पिवळी झालेली असतील.

मांडणीत दोन गोष्टींवर अडून बसा, गाईड काहीही म्हणोत. पहिली, प्रत्येक गटात एक बादली बिनझाडाची ठेवा. तेच पाणी, तीच खतं, तसाच पंप, फक्त रोप नाही. तिचा सामू जेवढा हलला तो पाण्याचा आणि हवेचा. झाडांच्या बादलीतून तो वजा केला की उरतो तो झाडाचा. वजाबाकी सामूच्या आकड्यांची करू नका, सामू ५.८ ला परत आणायला लागलेल्या आम्लाच्या मिलिलिटरांची करा. त्यासाठी रोज एकाच वेळी मोजायचं आणि वहीत तीन रकाने ठेवायचे: आम्ल टाकण्याआधीचा सामू, टाकलेलं आम्ल, नंतरचा सामू. मधला रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो, आणि झाडाने किती नायट्रेट ओढलं याचा फुकटातला अंदाज त्यातूनच येतो.

दुसरी, एका मोठ्या टाकीत बारा रोपं लावली तर तुमचा नमुना बाराचा होत नाही, एकाचा होतो. सगळी रोपं एकच पाणी पितात. याला खोटी पुनरावृत्ती म्हणतात. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये यावर जो शोधनिबंध लिहिला तो परिसंस्थाशास्त्राचा असला तरी सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचून काढा. एका टाकीऐवजी पाच-पाच लिटरच्या बादल्या घ्या, प्रत्येक गटाच्या किमान तीन, वर ती बिनझाडाची. लहान बादलीचा सामू लवकर हलतो हे खरं, पण तो रोज मोजणार आहातच.

आता वहीतली ती ओळ अशी होईल: ‘बोअर व पावसाचं पाणी १:४, अल्कलिनिटी ६० मिलिग्रॅम प्रति लिटर, लागवडीपूर्वी सल्फ्युरिक आम्ल व ४८ तास हवा देऊन सामू ५.८, रोज सकाळी ८ वाजता मोजणी, आम्लाची नोंद मिलिलिटरमध्ये, लोह ईडीडीएचए रूपात, प्रत्येक गटात तीन बादल्या व एक वनस्पतीविरहित.’ परीक्षकांचे ते दोन प्रश्न आले की हेच पान उघडून समोर ठेवा.